प्रत्येक डब्यात एक जास्त

४ जून २००३

कॉम्प्युटर आला. औरंगाबादहून, मैत्रिणीच्या भावाचा जुना, माझ्याच गादीत गुंडाळून, ट्रकच्या केबिनमधून. काकांनी काऊंटरवरचा तराजू सरकवून जागा केली आणि स्क्रीनवर विभूतीची तीन बोटं ओढली. मी ओरडले. "देवाला चालतं, मशिनला चालत न्हाई व्हय?" म्हणाले आणि उपरण्यानं पुसून टाकली.

दिवसभर येईल त्याला सांगत होते, आमच्या रेणूनं शिकून आणलाय. मोटारीचं बेअरिंग न्यायला आलेला एकजण बेअरिंग विसरून स्क्रीनकडं बघत बसला. बघण्यासारखं काही नव्हतं. लाइटच नव्हती.

६ जून

आज परत दोघा भावांची, माझ्या वडिलांची आणि काकांची, जुंपली. निमित्त ऑइल सील. अण्णांनी विचारलं, या नंबरचे सील किती आहेत? काका म्हणाले, "हायेत की." म्हणजे किती? "पुरतील इतके हायेत." अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बावीस वर्षं नांदेडच्या सूतगिरणीत स्टोअरकीपर होते ते. तिथं सुईसुद्धा सही केल्याशिवाय हलत नव्हती. गिरणी बंद पडली, गेल्या वर्षी आईला घेऊन दिंद्रुडला आले आणि आजोबांच्या, आबांच्या दुकानात बसले. मोटारी-पंपांचे सुटे भाग, पाइपाचे जोड. आबांच्या मागं धाकट्या भावानं इथं एक वही घातलेली नाही. सगळं डोक्यात. आणि गिऱ्हाईक बोलायच्या आत हात बरोबर त्याच डब्यात.

मला दोघंही कळतात, हीच पंचाईत.

ठरलं. प्रोग्राम करायचा. आलेला माल, गेलेला माल, उरलेला माल. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, नाव टाकायचं, आकडा दिसायचा. पुढं काकांपाशी हा कॉम्प्युटर, मागं गोडाउनमध्ये अण्णांपाशी दुसरा, मध्ये वायर. विचारायलाच नको. मग भांडतील कशावरून?

११ जून

तीन टेबलं केली. माल, आवक, जावक. लाइट असते तेव्हा टाइप, नसते तेव्हा वहीत. वहीतलं जास्त बरं जमतं.

नावांनी नाकीनऊ आणलेत. कंपनीचं नाव वेगळं, काकांचं वेगळं. मोठ्या पाइपाला बारीक पाइप जोडायचा जो तुकडा असतो, त्याला काका 'उपाशी' म्हणतात. कारण तो खाली बारीक होत जातो. गिऱ्हाइकंसुद्धा येऊन "दोन उपाशी द्या" म्हणतात. शेवटी टेबलात एक रकाना वाढवला, 'काकांचं नाव'. अण्णा म्हणाले, स्टोअरमध्ये असलं चालत नाही. म्हटलं, अण्णा हे स्टोअर नाही, दुकान आहे.

बोलून गेले. नंतर वाईट वाटलं. त्यांचं स्टोअर आता कुठं आहे?

१९ जून

काकू दुपारी डबा घेऊन दुकानात आली, माझे केस बघून तिथंच मला स्टुलावर बसवून वेणी घालायला लागली. गिऱ्हाइकांसमोर. वय वर्षं चोवीस माझं. तेवढ्यात आई आली. पाण्याची घागर ठेवून तशीच परत गेली.

सहा वर्षांची असताना मला इथं ठेवलं. आईचं बाळंतपण अवघड गेलं होतं, ते बाळही राहिलं नाही. दोन महिन्यांसाठी म्हणून ठेवलं ते बारावीपर्यंत. काका-काकूंना मूल नाही. त्यांना विचारलं तर म्हणतील, हाय की एक. आईला हे ऐकू जातं तेव्हा मी कुठं बघू?

३ जुलै

डबे मोजायला घेतले. काका शिडीवर, मी कीबोर्डवर. काका डब्यात हात घालतात, पुटपुटत मोजतात, मग आकडा तेवढा खणखणीत. "उपाशी पाऊण इंची, अकरा. पुढचं घे." मी मान वर करतच नाही. टाइप, एंटर, टाइप, एंटर. आज सत्तर डबे झाले. काकांचे गुडघे दुखतायत पण सांगणार नाहीत.

नट, वॉशर किलोवर जातात, ते अण्णांनी मागं वजन करून दिले.

९ जुलै

संपले. साडेचारशेच्या वर डबे. संध्याकाळी अण्णा चष्मा लावून शेजारी बसले, पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "व्यवस्थित." अण्णांनी व्यवस्थित म्हणणं म्हणजे दुसऱ्यानं पेढे वाटण्यासारखं आहे.

२६ जुलै

विक्री पुढच्या कॉम्प्युटरवरून सुरू. काका एका बोटानं टाइप करतात आणि बटण दोनदा दाबतात. दोनदा दाबलं की माल दोनदा जातो. संध्याकाळी अण्णांना विक्री आणि गल्ला यांत तफावत सापडली. काकांना बोलले, चारचौघांत. काका म्हणाले, "एकदा दाबल्यावर त्याला ऐकू गेलं का न्हाई, ते मला कसं कळायचं?"

चूक माझी होती. दुसऱ्यांदा दाबलं तर घ्यायचंच नाही, एवढं साधं मी घातलं नव्हतं. दुरुस्त केलं. अण्णांना सांगितलं, प्रोग्राम चुकलेला, काका नाही. अण्णा म्हणाले, मशीन चुकत नाही म्हणाली होतीस तू.

आता नाही चुकणार, म्हटलं.

२७ ऑगस्ट

पोळा. दुपारनंतर दुकान बंद. दोघा भावांनी काऊंटरवरच ताटं घेतली. अण्णा म्हणाले, शिवा, ही पुरणपोळी म्हणजे उपाशीच्या उलटी, खाणारा खाली रुंद होत जातो. काका इतके हसले की ठसका लागला, अण्णा पाठीवर थापट्या मारत होते. अण्णांना विनोद करताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

परवा जालन्याच्या एजंटला अण्णांनी स्क्रीन बघून ऑर्डर दिली. काकांनी डोक्यात बघून तीच दिली असती. दोघांचा आकडा जुळला.

इतकं बरं वाटतंय की लिहायलाही भीती वाटते.

१२ सप्टें.

काकूच्या भावानं नांदूरघाटला दुकान टाकलं. आपल्याच लाइनचं. काका आठ दिवस तिकडं, मांडणी करून द्यायला. पुढं मी बसते. अण्णांनी जेवताना विचारलं, तिकडं माल कुठून भरला? काकू म्हणाली, जालन्याहून. अण्णा ताटातलं मीठ बाजूला सारत राहिले.

९ ऑक्टो.

काका परत नांदूरघाटला, चार दिवस. अण्णा म्हणाले, दिवाळीच्या आधी मोजणी करून घेऊ. गिरणीत वर्षातून दोनदा व्हायची.

काका येईपर्यंत थांबू या, हे मला म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मलाच हुरूप होता. माझा प्रोग्राम किती बरोबर निघतो ते बघायचं होतं. नवीन पान केलं. एक रकाना मशीनचा आकडा, एक मोजलेला आकडा, एक फरक. अण्णा मोजतात, मी टाकते.

१० ऑक्टो.

फरक एक. फरक एक. फरक एक. फरक एक.

प्रत्येक डब्यात मशीन सांगतं त्याहून एक नग जास्त. बेअरिंग एक जास्त, सील एक जास्त, फूट व्हॉल्व्ह एक जास्त. जिथं मशीन शून्य म्हणतं, तिथंही डब्याच्या तळाशी एक पडलेला. अण्णा प्रत्येक आकडा दोनदा मोजत होते आणि त्यांचा आवाज बारीक बारीक होत गेला.

म्हटलं, अण्णा, हा माझाच घोळ आहे. प्रोग्रामात मोजणी शून्यापासून सुरू होते, कुठंतरी एक खाल्ला गेलाय. उद्या दुरुस्त करते.

११ ऑक्टो.

पहाटेपासून बसले. प्रत्येक ओळ वाचली. विक्री तपासली, आवक तपासली. खोटा माल घालून, विकून बघितला. बरोबर येतंय. परत बघितला. बरोबर येतंय.

जुलैपासून ज्याला हातच लागला नाही असा माल काढला. तांब्याचे जुने बुश. आला नाही, गेला नाही. प्रोग्रामानं काहीच केलेलं नाही. नुसता आकडा ठेवलाय. मशीनमध्ये सहा. डब्यात सात.

म्हणजे जुलैत मीच सहा टाकलं. म्हणजे काकांनी सहा सांगितलं. त्यांचा आवाज आठवतो मला. "सा. पुढचं घे."

अण्णांनी विचारलं, प्रोग्राम चुकलाय का? मी म्हटलं, नाही.

अण्णांनी प्रिंट मागितली. दिली. सतरा पानं. ते पेन्सिल घेऊन मागच्या खोलीत गेले.

१२ ऑक्टो.

हे लिहिणार नव्हते. लिहिते. काल दुपारपासून आज सकाळपर्यंत मीसुद्धा काकांवर संशय घेतला. मनात आलं, नांदूरघाटचं दुकान. मनात आलं, जो माल मशीनमध्येच नाही तो बाहेर गेला तर कुणाला कळणार. ज्या माणसानं मला सायकलवर बसवून शाळेत सोडलं, गोवरात नऊ दिवस उशाशी बसला, त्याच्याबद्दल हे माझ्या डोक्यात आलं. कुणी सांगितलं नव्हतं. अण्णा तर अजून तोंडानं काही बोललेही नव्हते.

१३ ऑक्टो.

काका चारच्या गाडीनं आले. पिशवीत माझ्यासाठी सीताफळं. चपला काढायच्या आत अण्णांनी कागद पुढं धरला.

"हे काय हाय?"

"तू सांग. जुलैत तू सांगितलेला माल आणि डब्यात निघालेला माल. एकही डबा सोडला नाहीस. कमी का सांगितलंस?"

"म्या कशाला कमी सांगू?"

"जो वहीत नाही तो माल कुणाचा असतो, मला शिकवू नको. बावीस वर्षं मी तेच बघत होतो. नांदूरघाटचं दुकान कशानं भरलं, शिवा?"

काकांनी कागद बघितलाच नाही. हातातसुद्धा घेतला नाही. ते माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "अण्णा, प्रोग्राम चुकला असेल." अण्णा म्हणाले, "परवा तपासून तूच म्हणालीस, चुकला नाही."

काकांनी पिशवीतून सीताफळं काढली. मग म्हणाले, "मग मीच चुकलो म्हना." सीताफळं काऊंटरवर ठेवली आणि घरी गेले. काकू आत रडतेय ते दोन भिंतींपलीकडून ऐकू येत होतं.

मी तिथंच उभी होते. 

१५ ऑक्टो.

कुणी कुणाशी बोलत नाही. काका दुकानात येत नाहीत. आई म्हणाली, तू यात पडू नको. मी पडू नको! मीच तर पाडलं.

२६ ऑक्टो.

पाडवा. दिवे लागले, कारण लावायचे असतात. काकूनं दरवर्षीसारखं मला उटणं लावलं, पण गाणं म्हटलं नाही. काकांनी ओवाळून घेतलं आणि उठून मळ्याकडं गेले.

२९ ऑक्टो.

वाटणी. काका एवढंच म्हणाले, "मला काई नको. तुमचं दुकान तुमाला लखलाभ." अण्णा म्हणाले, "मी त्याच्या हक्काचा एक नग खाणार नाही. अर्धं म्हणजे अर्धं." दोघं एकमेकांशी नाही, मध्यस्थीला बोलावलेल्या मठाच्या स्वामींशी बोलत होते. स्वामी मध्ये बसून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होते.

मग अण्णा माझ्याकडं वळले. प्रत्येक मालाचे दोन भाग कर. विषम आला तर जास्तीचा शिवाला दे.

टेबलात दोन रकाने वाढवले. एक अण्णा, एक काका. एका ओळीची क्वेरी. एंटर दाबलं. आबांनी हयात घालवून मांडलेलं दुकान, काकांनी वीस वर्षं सांभाळलेलं, त्याची वाटणी व्हायला चहा गार होण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. काम बरोबर झालंय का म्हणून मी बेरीजही तपासून बघितली. सवय. नंतर मोरीत जाऊन पाण्याचा नळ सोडून रडले.

३ नोव्हें.

काका-काकू गेले. नांदूरघाटला, तिच्या भावाकडं. सामान एका जीपमध्ये मावलं. अण्णांनी मालाची यादी करून ठेवली होती, त्यांच्या अर्ध्याची, सही करायला जागा सोडून. काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लागल तवा नेईन." यादी तशीच काऊंटरवर.

काकू मला धरून उभी राहिली. म्हणाली, "जेवत जा वेळेवर."  जीप वळणावर दिसेनाशी झाली तरी आई दारात उभी होती. आत येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिनं. पहिल्यांदाच, असं मला वाटतं. आणि मी तिचा हात बाजूला केला. का केला?

१८ नोव्हें.

अण्णा काकांच्या अर्ध्यातलं काहीच विकत नाहीत. डब्यात चार बेअरिंग असली तर दोन आपली, दोन शिवाची. आपली दोन गेली की गिऱ्हाइकाला सांगतात, माल संपला. गिऱ्हाईक डब्यात बघून म्हणतं, हे काय आहे मग? "ते माझं नाही." लोकांना वाटतं अण्णांचं डोकं फिरलंय.

मी प्रोग्राममध्ये तसंच करून दिलंय. काकांच्या रकान्यातून जावक होत नाही. लाल अक्षरात येतं, शिल्लक नाही.

चोर ठरवलेल्या भावाच्या मालाची एवढी राखण कुणी केली असेल? अण्णा वाईट असते तर सोपं झालं असतं. मग नुसतं रागावता आलं असतं.

४ डिसें.

फोन लावला नांदूरघाटला, शेजारच्या किराणा दुकानात. काका आले फोनवर. "बरी हायस का? कॉम्प्युटर चालतो का?" चालतो, म्हटलं. "बटन एकदाच दाबत जा." हसले. मी हसले. नंतर किराणावाल्याच्या दुकानात कुणीतरी साबण मागत होतं ते ऐकत राहिले.

२२ डिसें.

नांदूरघाट. उद्या येळवस, शेतात जेवायची अमावास्या, काकूच्या भावाच्या शेतात. काकूनं निरोप पाठवला होता, रेणूला धाडा. अण्णा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दिंद्रुडहून केज, केजला गाडी बदलून इथं.

दुपारी दुकानात गेले. काका गल्ल्यावर नाहीत, बाजूच्या स्टुलावर, दुसऱ्याच्या दुकानात बसतात तसे बसलेले. जालन्याहून पेटी आली होती. काकूचा भाऊ म्हणाला, भावजी, जरा मोजून डब्यात टाका. काका उठले. नवीन डबा घेतला. पेटीतला पहिला नग उचलला, कपाळाला लावला, "बरकत" म्हणाले, डब्याच्या तळाशी सारला. मग दुसरा उचलला आणि म्हणाले, "एक."

मी बघत राहिले. दुसरा डबा. पहिला नग कपाळाला. "बरकत." मग एक, दोन, तीन.

 विचारलं, काका, पहिला का मोजत नाही?

"त्यो दुकानाचा असतो बाळा. आबांनी शिकवलंय. डबा कदी रिकामा पडू द्यायचा न्हाई. पैला बरकतीचा, त्यो इकायचा न्हाई. त्याच्या म्होरचा आपला."

"दिंद्रुडला पण असंच मोजलंत? जुलैत?"

"मग? दुसरं कसं मोजायचं?"

"मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस माल किती हाय. त्यो माल न्हाई ना." आणि मग त्यांचा हात डब्यातच थांबला. "त्या कागदावर हेच व्हतं व्हय? एक एक?"

मी मान हलवली. त्यांना तोपर्यंत माहीतच नव्हतं. अण्णांनी काय मोजलं, किती निघालं, कशावरून चोर म्हटलं, काही नाही. त्यांनी कागद बघितला नव्हता आणि आम्ही सांगितलं नव्हतं.

लहानपणी शाळेतून आले की मी त्याच काऊंटरवर गृहपाठ करायची. डब्यात हात मात्र कधी घातला नाही. जुलैत नुसती मान वर केली असती तरी दिसलं असतं.

काका स्टुलावर बसले. मग म्हणाले, "आण्णाचं मी समजू शकतो. त्यो घरात नव्हता. पर रेणू, तुला काय वाटलतं?"

  त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना कळलं. म्हणाले, "बरं. च्या घेतीस का?" आणि चहा सांगायला स्वतः बाहेर गेले.

२३ डिसें.

येळवस. आंबील, भज्जी, सगळं शेतात. काका सगळ्यांना वाढत होते, मलाही. दोनदा वाढलं. पण कालपासून बाळा म्हणाले नाहीत.

निघताना म्हटलं, घरी चला, मी अण्णांना सांगते. म्हणाले, "सांग की. सांगायलाच पायजे. पर मी कशाला येऊ? त्यांनी मोजलं. इचारलं न्हाई."

२४ डिसें.

अण्णांना सांगितलं. गोडाउनमध्ये, उभ्या उभ्या, एका दमात. ते एक डबा घेऊन आले, तळाशी हात घातला, तो नग काढून उजेडात धरला. जुना, तेलकट, काळा पडलेला. बाकीचे नवे. हे तर दिसण्यासारखं होतं. आम्हाला दोघांनाही दिसलं नव्हतं, आम्ही आकडे बघत होतो.

मला वाटलं रडतील, नाहीतर ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "आबांनी मला कधी सांगितलं नाही."

परत एकदा म्हणाले. "शिवाला सांगितलं. मला नाही." अण्णा त्रेपन्न वर्षांचे आहेत. आज मला ते कुणीतरी घरी न्यायचं विसरलेल्या मुलासारखे दिसले. काका दुकानात बसायला लागले तेव्हा ते नांदेडला होते, महिन्याला पगार पाठवत होते. आबा कशाला सांगतील?

२ जाने. २००४

काही नाही. अण्णा दुकान उघडतात, बंद करतात. काकांचं अर्धं तसंच. म्हटलं, जाऊन या ना एकदा. म्हणाले, "काय म्हणू जाऊन?" आई म्हणाली, काही म्हणू नका, नुसतं जा. ते उठून गेले.

प्रोग्रामात बरकतीचा रकाना घालावा असं मनात आलं. लगेच स्वतःचाच राग आला. प्रत्येक गोष्टीला रकाना.

७ जाने.

काकांना पत्र लिहायला घेतलं. 'मी एक दिवस' इथपर्यंत लिहिलं. फाडलं. परत घेतलं. तिथपर्यंतच येतं.

११ जाने.

सकाळी नऊला तेलगाव रस्त्यावरचे एक म्हातारे आले. पंपाचा फूट व्हॉल्व्ह हवा. अण्णांच्या वाट्याचा संपलाय, काकांचे दोन आहेत. अण्णा आत होते, मी काऊंटरवर. स्क्रीन लाल. म्हटलं, बाबा, आहे, पण तो काकांचा आहे.

म्हातारे म्हणाले, "मग इचारा की त्यांला. मी बाजार करून येतो." आणि पिशवी उचलून निघून गेले. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांना सोपंच वाटलं.

अण्णा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. मी स्क्रीनकडं बघत राहिले, कारण त्यांच्याकडं बघितलं असतं तर मी काहीतरी बोलले असते.

थोड्या वेळानं आतून इस्त्रीचा शर्ट घालून आले. म्हणाले, केजची गाडी कधी आहे? म्हटलं, दहाची. चपला घातल्या, दुकानाच्या पायरीवर बसले. दहाची गाडी आली, स्टँडवर थांबली, माणसं चढली. अण्णा उठले. दोन पावलं गेले. गाडी निघाली. ते परत येऊन बसले.

मान न वळवता विचारलं, "पुढची?"

साडेअकराची, म्हटलं.

आई मधे येऊन पाणी देऊन गेली. ते त्यांनी प्यायलं नाही, तांब्या हातातच आहे. आत्ता हे लिहिताना सव्वाअकरा झालेत आणि अण्णा अजून पायरीवर आहेत.